गावात रेंज नाही: दोष टॉवरचा, फायबरचा, फोनचा की सिमचा?

बिनतारी

"आमच्याकडे रेंज नाही" एवढ्या एका वाक्यात चार वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. एक, सिग्नल पोचतच नाही. दोन, पोचतो, पण टॉवरवर गर्दी आहे. तीन, टॉवर उभा आहे, पण त्याच्यामागची फायबर किंवा मायक्रोवेव्ह लाइन बंद आहे. चार, सगळं जागेवर आहे, पण फोन किंवा सिम जुनं आहे. चारही रोगांना औषध वेगळं आणि दादही वेगळ्या दारात मागायची. म्हणून हा धागा. आधी मोजायचं कसं ते सांगतो, बाकीचं जाणकारांनी भर घालावी.

दांड्या बघू नका. कितव्या आकड्याला किती दांड्या दाखवायच्या हे फोन बनवणारी कंपनी ठरवते, त्यामुळे शेजारी ठेवलेले दोन फोन वेगळ्या दांड्या दाखवतात. आकडा बघा. अँड्रॉइडवर सेटिंग, मग अबाउट फोन, मग सिम स्टेटस. तिथे सिग्नल स्ट्रेंग्थ डीबीएममध्ये (सिग्नलचा जोर मोजायचं एकक) असते. काही फोनवर *#*#४६३६#*#* डायल केलं की जास्त तपशील उघडतो. आयफोनवर *३००१#१२३४५#* लावून कॉलचं बटण दाबा. फोरजीसाठी आरएसआरपी नावाचा आकडा हवा आहे. तो उणे असतो, शून्याकडे जितका जवळ तितका चांगला. उणे ९० पर्यंत उत्तम, उणे १०० ला काम चालतं, उणे ११० च्या पुढे बोलणं तुटायला लागतं, उणे १२० च्या आसपास फोन हात टेकतो.

एकाच जागी मोजून उपयोग नाही. ओटी, माजघर, माळा, परडं आणि समोरचा रस्ता अशा पाच ठिकाणी मोजा. प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटं थांबा, कारण फोन आकडा सावकाश बदलतो. सकाळी ६ ला एकदा आणि रात्री ९ ला एकदा. कागदावर लिहून ठेवा, पुढे तक्रारीला हाच कागद लागतो.

हिशेब सोपा आहे: ३ डेसिबल कमी म्हणजे सिग्नल निम्मा, १० कमी म्हणजे दहावा हिस्सा. ओटीवर उणे ९८ आणि माजघरात उणे ११३ असेल तर १५ डेसिबल गेले. म्हणजे जांभ्याच्या भिंतींनी आणि वरच्या पत्र्याने सिग्नल साधारण तिसाव्या हिश्शावर आणला. इथे टॉवरवाल्याला शिव्या देऊन काही होणार नाही.

खाचर

वाचनखूण साठवली. एक शंका: आकडा उणे ८५, दांड्या भरलेल्या, तरी व्हॉट्सॅपचा फोटो जात नाही. गणपतीत कोकणात हे हमखास होतं. मग हा कुठला रोग?

बिनतारी

दुसरा. गर्दी. आरएसआरपी फक्त टॉवरचा आवाज किती मोठा येतो ते सांगतो. भोवती कलकलाट किती आहे ते सिनर (SINR) नावाच्या आकड्यात कळतं, तो जितका मोठा तितका चांगला. सिनर २० असेल तर झकास, १० ला बरं, शून्याच्या खाली गेला तर दांड्या कितीही असोत, डेटा रांगत जातो. एरवी तीनशे फोन सांभाळणाऱ्या टॉवरवर चाकरमानी उतरले की हजारभर फोन येतात. टॉवर तोच, त्याला दिलेला स्पेक्ट्रम (फ्रीक्वेन्सीचा वाटा) तोच, मागची लाइन तीच.

गर्दी ओळखायची खूण: पहाटे ५ ला आणि रात्री ९ ला आरएसआरपी सारखाच, पण स्पीड पहाटे १५ आणि रात्री अर्धा एमबीपीएस. यावर तुमच्या हातात दोनच गोष्टी. फोरजी-फाइव्हजी फोन असेल तर नेटवर्क मोड बदलून बघा, दुसऱ्या फ्रीक्वेन्सी पट्ट्यावर (बँडवर) गर्दी कमी असू शकते. नाहीतर दुसऱ्या कंपनीचं सिम दुसऱ्या खाचेत.

तारायंत्र

पट्ट्यांचं थोडं विस्ताराने सांगतो, कारण सिम निवडताना लोक फक्त प्लॅनची किंमत बघतात.

जितकी फ्रीक्वेन्सी कमी तितका सिग्नल लांब जातो आणि भिंतीतून, झाडीतून बरा शिरतो. फ्रीक्वेन्सी दुप्पट झाली की मोकळ्या हवेतही ६ डेसिबल जास्त जातात. ९०० च्या जागी २३०० मेगाहर्ट्झ म्हणजे ८ डेसिबल, आणि मधे डोंगराची सोंड असेल तर फरक याहून मोठा. म्हणून खेड्यात खरा आधार ७००, ८५० आणि ९०० चा. जिओचं फोरजी ८५० वर (बँड ५), १८०० वर (बँड ३) आणि २३०० वर (बँड ४०) चालतं. एअरटेल आणि व्हीआयकडे ९०० (बँड ८) आहे, शिवाय १८०० आणि २१००. बीएसएनएलचं फोरजी ७०० (बँड २८) आणि २१०० (बँड १) वर. जिओचं फाइव्हजी ७०० वरही आहे. ३३०० मेगाहर्ट्झवरचं फाइव्हजी म्हणजे टॉवर डोळ्यांना दिसतो तेवढ्यापुरतं समजा.

आता गोम इथे आहे: बरेच जुने किंवा स्वस्तातले फोन बँड २८ पकडतच नाहीत. गावात बीएसएनएलचा नवा फोरजी टॉवर उभा राहतो, एकाच्या फोनवर रेंज येते आणि शेजाऱ्याच्या येत नाही, ते यामुळे. फोन घेताना खोक्यावर किंवा कंपनीच्या पानावर एलटीई (म्हणजे फोरजी) बँडची यादी असते. त्यात ५, ८ आणि २८ हे तिन्ही आहेत का बघा. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा ते नंतर.

आणि बीएसएनएलचं जुनं टूजी-थ्रीजी सिम फोरजी पकडत नाही. कस्टमर सेंटरला आधार घेऊन जा, बदलून मिळतं. नंबर तोच राहतो.

पागोळी

बूस्टर लावला तर? ऑनलाइन ४-५ हजारांत मिळतात. गच्चीवर अँटेना, घरात डबा, काम झालं.

तारायंत्र

पागोळीताई, नका. खाजगी माणसाने मोबाइल सिग्नल बूस्टर विकणं, बाळगणं, लावणं बेकायदा आहे. लावायचा अधिकार फक्त परवानाधारक कंपनीचा. दूरसंचार विभागाचं वायरलेस मॉनिटरिंगचं पथक गाडी घेऊन फिरतं, दिशादर्शक अँटेनाने डबा शोधून काढतं आणि जप्त करतं. ऑनलाइन विकायला ठेवलाय म्हणजे कायदेशीर आहे असं नाही.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी तो त्रासच आहे. स्वस्त डबा ६०-७० डेसिबल वाढवतो. गच्चीवरची अँटेना आणि घरातली अँटेना यांच्यात त्याहून १५ डेसिबल जास्त आडोसा लागतो. कौलारू घरात तो मिळत नाही. मग लाउडस्पीकरसमोर माइक धरल्यावर जशी कर्कश शिट्टी वाजते तसं होतं, फक्त ते कानाला ऐकू येत नाही. तो गोंगाट उलट टॉवरकडे जातो आणि टॉवरला अख्ख्या वाडीचे फोन ऐकू येईनासे होतात. एका घरात रेंज आली आणि वीस घरांची गेली, असला प्रकार.

कायदेशीर पर्याय म्हणजे सिम घालायचा राउटर, त्याला बाहेर लावलेली अँटेना. हा बूस्टर नाही, हा एक फोनच आहे, फक्त उंचावर बसलेला.

सांजवात

त्यात लोक एक चूक हमखास करतात, केबल. राउटर घरात आणि अँटेना गच्चीवर, मधे १५ मीटर पातळ आरजी-५८. १८०० मेगाहर्ट्झवर ही वायर मीटरमागे पाऊण ते एक डेसिबल खाते. १५ मीटरमागे बारा-पंधरा डेसिबल गेले. अँटेनाने कमावले ९-१०. म्हणजे पैसे घालून तोटा. एलएमआर-४०० सारखी जाड केबल मीटरमागे ०.२ डेसिबलच्या आत ठेवते, पण ती महाग आणि वळवायला कठीण. त्यापेक्षा राउटरच बाहेर लावायचा प्रकार घ्या (आउटडोअर सीपीई). तो खांबावर बसतो, खाली फक्त कॅट-६ वायर येते आणि त्याच वायरीतून वीजही वर जाते. १०० मीटरपर्यंत काही तोटा नाही.

अजून दोन गोष्टी. अँटेना दोन लागतात, एक नव्हे, आणि त्या एकमेकींना काटकोनात हव्यात: एक +४५ अंशात, एक उणे ४५. दोन्ही उभ्या लावल्या तर स्पीड निम्मा. दुसरं, दिशा. अंदाजाने टॉवरकडे तोंड करून सोडू नका. १५-१५ अंश फिरवत जा, दर वेळी एक मिनिट थांबा, राउटरच्या पानावर सिनर बघा. आरएसआरपी जास्तीत जास्त कुठे येतो ती दिशा नाही, सिनर जास्तीत जास्त कुठे येतो ती दिशा धरायची. पुष्कळदा थेट टॉवरपेक्षा समोरच्या कड्यावरून परतून आलेला सिग्नल स्वच्छ असतो.

पावसाआधी कनेक्टरवर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप गुंडाळा, तिच्यावर साधी काळी टेप. नुसती इन्सुलेशन टेप आषाढात सुटते. आणि वायर घरात शिरण्याआधी खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या टोकाला गळून जातं.

कंदील

हे सगळं कुठेतरी थोडातरी सिग्नल असेल तर. जिथे उणे १३० सुद्धा येत नाही तिथे? ग्रामपंचायतीत भारतनेटचं (गावोगाव फायबर नेण्याची केंद्राची योजना) खोकं आहे, पण ते कुलूपबंद.

तारायंत्र

ते खोकं म्हणजे ओएनटी, फायबरमधल्या प्रकाशाचं इंटरनेट करून देणारं यंत्र. योजना २५ ऑक्टोबर २०११ ला मंजूर झाली तेव्हा नाव एनओएफएन होतं, २०१५ मध्ये भारतनेट झालं. पहिल्या टप्प्यात तालुक्याच्या एक्स्चेंजपासून ग्रामपंचायतीपर्यंत एकच सरळ फायबर होती. वाटेत रस्ता रुंदीकरणाचा जेसीबी लागला, जलजीवनची पाइपलाइन आली, की त्यापुढची सगळी गावं आंधळी. ४ ऑगस्ट २०२३ ला मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात (१,३९,५७९ कोटी रुपये) वर्तुळाकार जोडणी धरली आहे, म्हणजे एकीकडे तुटली तर दुसऱ्या बाजूने चालू राहील. शिवाय मागणी असेल तिथे ग्रामपंचायत नसलेल्या गावांपर्यंत नेण्याची तरतूद आहे, आणि घरोघरी जोडण्या स्थानिक उद्यमींमार्फत द्यायच्या आहेत.

ग्रामपंचायतीला यातून घ्यायचं काय, तर दोन गोष्टी ठरावात घालता येतात. ओएनटीच्या विजेची आणि चावीची जबाबदारी कुणाची ते नावानिशी नव्हे, पदानिशी लिहा. आणि गावात कुठलंही खोदकाम करणाऱ्या ठेकेदाराने आधी 'कॉल बिफोर यू डिग' ॲपवर नोंद केल्याशिवाय ग्रामपंचायत परवानगी देणार नाही, अशी अट घाला. हे ॲप मार्च २०२३ पासून आहे. वापरणारे ठेकेदार कमीच, पण अट लेखी असली की फायबर तोडल्यावर भरपाई मागायला आधार मिळतो.

खाचर

फायबर घरी आली तरी दर दोन दिवसांनी जाते त्याचं काय करायचं? माणूस येतो, वायर हलवतो, म्हणतो झालं. पावसात परत तेच.

सांजवात

वायर हलवून चालू होते म्हणजे प्रकाश काठावर आहे. ओएनटीवरचे दिवे वाचायला शिका. लॉस (LOS) लाल पेटला तर प्रकाश पोचत नाहीये: फायबर तुटली, फार वाकली किंवा कनेक्टर निघाला. लॉस बंद पण पॉन (PON) लुकलुकतोय तर प्रकाश येतोय, पण एक्स्चेंजचं यंत्र तुमच्या खोक्याला ओळखत नाही. तो प्रश्न नोंदणीचा किंवा थकलेल्या बिलाचा. पॉन स्थिर आणि इंटरनेट नाही, तर सेटिंगचं.

ओएनटीच्या पानावर (बहुधा १९२.१६८.१.१) ऑप्टिकल पॉवर, म्हणजे पोचणाऱ्या प्रकाशाचा जोर, डीबीएममध्ये दिसते. उणे १५ ते उणे २४ मध्ये असेल तर निर्धास्त. उणे २७ ही शेवटची पायरी. आता हिशेब बघा: एक्स्चेंजमधून +३ निघाला. १२ किलोमीटर फायबरने ३ खाल्ले. एकूण ३२ घरांना वाटणाऱ्या स्प्लिटरने १७.५ खाल्ले. सांधे आणि कनेक्टर मिळून २. घरी पोचला उणे १९.५. छान. आता कुणी नकाशात नसलेला एक चार-तोंडी स्प्लिटर खांबावर जोडला, चार घरं वाढवायला. तो ७.२ खातो. पोचला उणे २६.७. कोरड्या हवेत चालेल. पाऊस आला, खांबावरच्या जॉइंटच्या डब्यात पाणी शिरलं, अर्धा डेसिबल गेला, बंद. माणूस येऊन डबा पुसतो, चालू. पुढच्या सरीला परत.

म्हणून माणूस आला की त्याला दोन गोष्टी विचारा: पॉवर किती येतेय आणि खांबावर स्प्लिटर किती-तोंडी आहे. त्याच्या खिशात पॉवर मीटर असतोच. आकडा उणे २५ च्या पलीकडे असेल तर वायर हलवून उपयोग नाही, सांधा नव्याने करायला लावा.

आणखी एक, हिरव्या टोकाचा कनेक्टर निळ्यात बसतो, पण बसवू नये. हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. दोन्हींच्या मधे फट राहते आणि तिथेच तीन-चार डेसिबल जातात.

मोरपंखी

लाइट गेली की सगळं बंद, त्यावर?

सांजवात

१२ व्होल्टचा मिनी यूपीएस. खोक्यावर १०,४०० एमएएच लिहिलेलं असेल तर तो आकडा ३.७ व्होल्टचा आहे, १२ चा नाही. म्हणजे ३८ वॉट-तास. वाटेतली घट धरून ३२. ओएनटी ८ ते १० वॉट घेतो, तेव्हा सव्वातीन ते चार तास. अ‍ॅडॉप्टरवर १२ व्होल्ट आहे ना ते आधी बघा, काही खोकी वेगळ्या व्होल्टची असतात.

विजा सुरू झाल्या की ओएनटीचा प्लग काढा. काचेच्या तंतूतून वीज येत नाही, पण केबलच्या आधाराची पोलादी तार आणि घरातली वायरिंग यातून येते.

बिनतारी

फायबर घरात आली की माझ्या मूळ धाग्यातला पहिला रोगही बरा होतो, फक्त लोक ते बटण दाबत नाहीत. वाय-फाय कॉलिंग. एअरटेल आणि जिओने २०१९-२० मध्ये आणलं, व्हीआयने २०२० च्या डिसेंबरपासून, बीएसएनएलही आता देतं. वेगळे पैसे नाहीत, वेगळं ॲप नाही, आपल्याच नंबरवरून साधा फोन, आणि बहुतेक फोनवर ओटीपीचे एसएमएससुद्धा येतात. एका कॉलला १०० केबीपीएस पुरतात.

अडतं ते इथे:

फोनला उणे ११८ ची मरतुकडी रेंज मिळते आणि तो तिलाच चिकटून बसतो. सिम सेटिंगमध्ये 'वाय-फाय कॉलिंग' नुसतं चालू करू नका, त्याखाली 'वाय-फायला प्राधान्य' असा पर्याय असेल तर तो निवडा. नसेल तर विमान मोड लावून मग वाय-फाय चालू करा. कॉल नीट येतील-जातील.

फोनमध्ये व्हीपीएन चालू असेल तर बऱ्याचदा नोंदणीच होत नाही. राउटरमध्ये आयपीसेक पासथ्रू (वाय-फाय कॉलिंगची सांकेतिक जोडणी जाऊ देणारी सेटिंग) बंद असेल, किंवा यूडीपी ५०० आणि ४५०० ही पोर्ट अडवलेली असतील तरी नाही. वरच्या पट्टीत वाय-फाय कॉलिंगची खूण आली तरच नोंदणी झाली असं समजा.

गच्चीवर निघालात की वाय-फाय संपतं आणि चालू कॉल तुटतो, कारण बाहेर ज्याच्याकडे सोपवायचा तो फोरजी सिग्नलच नाही. हा दोष नाही.

पागोळी

आजी-आजोबांच्या बटणाच्या फोनचं काय? त्यांना ना डेटा हवा, ना व्हॉट्सॅप.

तारायंत्र

बटणाचे फोन दोन जातीचे. टूजीवाले: एअरटेल, व्हीआय, बीएसएनएलवर चालतात, जिओवर नाही, कारण जिओकडे टूजी जाळं मुळातच नाही. आणि फोरजी व्होल्टीवाले (फोरजीवरूनच बोलणारे) बटणाचे फोन. नवा घेताना दुसरा घ्या. पण एक लक्षात ठेवा: टूजीचा फोन ९०० वर २ वॉटपर्यंत जोर लावू शकतो, फोरजीचा फोन ०.२ वॉट. जिथे फोरजीचा स्मार्टफोन कण्हतो तिथे आजोबांचा डबडा फोन खणखणीत बोलतो, त्यात जादू काही नाही. जिथे एकाच कड्यावरून टूजी येतं, तिथे तो टाकून देऊ नका.

रिचार्जबद्दल: ट्रायने (दूरसंचार नियामक) २३ डिसेंबर २०२४ ला नियम बदलून कंपन्यांना फक्त बोलणं आणि एसएमएस असलेला पॅक ठेवणं बंधनकारक केलं, आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत नेता येते. ॲपमध्ये तो अगदी तळाशी असतो. दुकानदार आपणहून सांगत नाही. नाव घेऊन मागा: "डेटाशिवायचा, व्हॉइस-ओन्ली." आणि नंबर नुसता जिवंत ठेवायचा असेल तर खात्यात २० रुपये शिल्लक हवेत, ९० दिवस वापर झाला नाही तरी त्यातून ३० दिवसांना २० रुपये कापून नंबर राखला जातो. चालू रिचार्ज संपला म्हणजे लगेच नंबर गेला असं नाही, पण शिल्लक शून्य असेल तर मात्र जातो.

मोरपंखी

मग सरळ पोर्ट करावं ना दुसऱ्या कंपनीत. पोर्ट करून सात दिवस झाले की लगेच परत फिरता येतं असं वाचलं.

तारायंत्र

नाही, दोन नियमांची सरमिसळ झालीय. एकदा पोर्ट केलं की ९० दिवस त्याच कंपनीत. सात दिवसांचा नियम वेगळा, तो १ जुलै २०२४ पासूनचा: सिम हरवलं किंवा बदललं तर त्यानंतर ७ दिवस पोर्टचा कोडच मिळत नाही. सिम-स्वॅप करून, म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचं नवं सिम काढून, पैसे पळवणाऱ्यांना अडवायला तो आणला. म्हणून बीएसएनएलचं जुनं सिम बदललंत त्याच दिवशी पोर्ट करायला जाऊ नका.

पद्धत: PORT हा शब्द इंग्रजीत, मग मोकळी जागा, मग नंबर, १९०० ला एसएमएस. आलेला कोड चार दिवस चालतो. त्या मुदतीत नव्या कंपनीच्या दुकानात आधार घेऊन जा. त्याच सर्कलमध्ये (दूरसंचार परवान्याच्या विभागात) तीन कामाचे दिवस लागतात. मुंबई (ठाणे, नवी मुंबई, कल्याणसह) आणि महाराष्ट्र-गोवा ही दोन वेगळी सर्कल आहेत, त्यांच्यात पाच दिवस.

पोर्ट करण्याआधी त्या कंपनीचं एखादं चालू सिम कुणाकडून तरी मागून घ्या आणि वर बिनतारींनी सांगितल्या त्या पाच जागी मोजा. पोर्ट झाल्यावर ९० दिवस हात चोळत बसण्यापेक्षा बरं.

खाचर

टॉवर का येत नाही गावात, त्याचं कुणी सांगेल का? दर निवडणुकीला आश्वासन.

तारायंत्र

कारण साधं: चाळीस घरांच्या वाडीतून टॉवरच्या विजेचं बिलही निघत नाही. ते भरून काढायला २००२ पासून सार्वत्रिक सेवा निधी आहे. कंपन्यांच्या समायोजित महसुलाचे ५ टक्के त्यात जातात. दूरसंचार कायदा २०२३ ने त्याचं नाव डिजिटल भारत निधी केलं.

त्या पैशातून दोन मोठ्या योजना. १७ नोव्हेंबर २०२१ ची, पाच राज्यांतल्या ४४ आकांक्षित (केंद्राने मागे राहिलेले म्हणून निवडलेल्या) जिल्ह्यांतल्या ७,२८७ गावांसाठी. महाराष्ट्र त्यात आहे. आपल्याकडचे आकांक्षित जिल्हे म्हणजे गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि धाराशिव, त्यामुळे सह्याद्रीतल्या वाड्यांना त्यात जागा नाही. दुसरी २७ जुलै २०२२ ची, देशभरच्या २४,६८० गावांसाठी फोरजी, २६,३१६ कोटी, काम बीएसएनएलकडे. राज्याने यासाठी २०० चौरस मीटर जागा फुकट द्यायचं ठरवलं. त्या टॉवरवरचं फोरजी यंत्र देशी बनावटीचं आहे, त्याचं औपचारिक उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ ला ओडिशात झारसुगुड्याला झालं.

अडचण मोजणीत आहे. यादी गावाची असते, वाडीची नाही. गावठाणात उणे १०० आला की गाव 'व्याप्त'. डोंगराच्या पलीकडची धनगरवाडी, ठाकरवाडी त्याच गावात मोजली जाते आणि तिथे काही नाही. पण २०२२ च्या योजनेत एक कलम उपयोगाचं आहे: पुनर्वसन, नवी वस्ती, किंवा आधीच्या कंपनीने सेवा काढून घेणं या कारणांसाठी आणखी २० टक्के गावं धरता येतात. ग्रामसभेच्या ठरावात "टॉवर मिळावा" एवढंच लिहू नका. यातलं कुठलं कारण लागू आहे ते लिहा, वाडीचे अक्षांश-रेखांश लिहा, घरं किती ते लिहा, जागेचा गट नंबर लिहा.

कंदील

निधीच्या टॉवरवर फक्त एकाच कंपनीचं सिम चालतं ना?

तारायंत्र

१७ जानेवारी २०२५ पासून त्यात बदल आहे. निधीतून उभारलेल्या टॉवरवर दुसऱ्या कंपनीचं सिमही आतल्या आत रोमिंगवर चालावं अशी सोय सुरू झाली. फोनमध्ये नेटवर्क निवड 'ऑटोमॅटिक' ठेवा. बोलणं होतंय पण डेटा नाही असं झालं तर डेटा रोमिंग चालू करून बघा.

घाटमाथा

टॉवरचा विषय निघालाच आहे तर: "तुमच्या शेतात टॉवर बसवतो, महिना २५ हजार भाडं, २० लाख आगाऊ, फक्त नोंदणी फी भरा" असा फोन किंवा ट्रायच्या शिक्क्याचं पत्र आलं तर ती फसवणूक आहे. टॉवर बसवणारी कंपनी जागामालकाला पैसे देते, त्याच्याकडून घेत नाही. ट्राय किंवा दूरसंचार विभाग कुणाही जमीनमालकाला अशी परवानगीची पत्रं पाठवत नाही. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन); पहिल्या काही तासांत सांगितलं तर रक्कम वाटेत गोठवता येते. नुसता फोन आला असेल तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर 'चक्षू' मध्ये नोंदवा.

रानजाई

रेंज नाही म्हणून ई-पीक पाहणी अडलीय असं म्हणणाऱ्यांसाठी: जीपीएसला मोबाइल रेंज लागत नाही. ॲप आणि गावाची माहिती रेंजमध्ये असतानाच उतरवून घ्या, शेतात फोटो काढून माहिती फोनमध्ये साठवा, रेंजमध्ये आल्यावर अपलोड करा. फक्त पहिल्यांदा जीपीएस धरायला रेंज नसेल तर मोकळ्या आभाळाखाली दोन-चार मिनिटं लागतात, आंब्याखाली उभं राहून चिडू नका.

बिनतारी

आता तक्रार. लोक थेट ट्रायला लिहितात. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, नियम करते. क्रम असा:

पहिला फोन १९८ ला, फुकट आहे. डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घ्या. त्याशिवाय पुढचं दार उघडत नाही. "रेंज नाही" म्हणू नका, "सिग्नल मिळत नाही" की "सिग्नल आहे, डेटा चालत नाही" ते नेमकं सांगा. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे. त्याने ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. त्यानंतर दूरसंचार विभागाकडे, केंद्राच्या पीजी (तक्रार निवारण) पोर्टलवरून.

सोबत जोडायचं काय: १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या सेवा-गुणवत्ता नियमांनुसार प्रत्येक कंपनीला आपल्या संकेतस्थळावर टूजी, फोरजी, फाइव्हजीचा व्याप्ती नकाशा टाकावा लागतो. त्यात आपलं घर शोधा. तिथे फोरजीचा रंग भरलेला असेल आणि तुमच्या कागदावर उणे १२० असेल, तर नकाशाचा स्क्रीनशॉट आणि तो कागद एकत्र जोडा.

लाइट गेल्यावर ठरावीक तासांनी रेंज पूर्ण जाते आणि लाइट आल्यावर येते, असं असेल तर टॉवरची बॅटरी मेलेली आहे. लाइट गेल्याची आणि रेंज गेल्याची वेळ निदान चार दिवस लिहून द्या. रेंज जागेवर, पण कॉल आणि डेटा दोन्ही एकाच क्षणी बंद, तेही अख्ख्या पंचक्रोशीत, तर मागची लाइन तुटलीय. तिथे जवळपास खोदकाम चालू होतं का तेही लिहा. तक्रारीचा मजकूर एवढा पुरतो:

"नंबर अमुक, फोन अमुक, बँड ५, ८, २८ आहेत. जागा: अक्षांश अमुक, रेखांश अमुक. दिनांक अमुक ते अमुक, सकाळी ६ आणि रात्री ९. ओटीवर आरएसआरपी उणे ११९, रस्त्यावर उणे ११६, सिनर उणे २. तुमच्या नकाशात ही जागा फोरजी दाखवली आहे, स्क्रीनशॉट सोबत. जवळच्या टॉवरची बॅटरी आणि अँटेनाची दिशा तपासून लेखी कळवावं."

खाचर

रस्त्यावरही उणे ११६ म्हणजे भिंतीचा दोष नाही, हे आता कळलं. आमच्या वाडीचे आकडे रविवारी टाकतो इथे.